मध्ययुगीन इंग्लंडचीं शेतें व भिवापुरचे धुरे

मॉरिस बेरेसफर्ड व जे. के. सेंट जोसेफ या दोन इंग्रज पंडितांनीं मिळून लिहिलेला ‘मेडीव्हल इंग्लंड : ॲन एरियल सर्व्हे’ हा ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें इ. स. १९५८ मध्यें प्रथम प्रसिद्ध केला व त्याची दुसरी आवृत्ति १९७९ मध्यें निघाली. इतक्या जुन्या ग्रंथाचें परीक्षण आज कां, असा प्रश्न वाचक विचारतील. त्यास उत्तर असें कीं, ग्रंथ जुना असला तरी त्यांतील पद्धति आमच्याकडे आतां कोठें रुजूं लागली आहे, आणि ती येतांना तिच्या मर्यादा मात्र वाटेंत राहून गेल्या आहेत. पूर्वीं विमानांतून घेतलेलें छायाचित्र मिळविणें म्हणजे सरकारी परवानग्यांचें मोठें काम होतें. आज उपग्रहांनीं घेतलेलीं चित्रें कोणाही जिज्ञासूच्या हातांतील यंत्रावर क्षणांत उघडतात. आणि नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोंकाच्या भिवापूर तालुक्यासारख्या भागाचें चित्र उघडून त्यांत समांतर रेघा दिसल्या कीं, ‘ह्या प्राचीन नांगरटीच्या खुणा’ असें म्हणण्याचा मोह होतो. या मोहाची परीक्षा करावयाची तर ज्या जातीच्या ग्रंथांनीं तो उत्पन्न केला त्यांपैकीं उत्तमांत उत्तम ग्रंथच हातीं घेणें बरें, म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्रंथकारांची जोडी मोठी मार्मिक जमली आहे. बेरेसफर्ड हे लीड्स विद्यापीठांत आर्थिक इतिहास शिकवीत. ओसाड पडलेल्या इंग्रजी खेड्यांवरील त्यांचें पुस्तक १९५४ मध्यें निघालें, आणि यॉर्कशायरांतील व्हॅरम पर्सी या ओसाड गांवाचें १९५० पासून चाळीस वर्षें चाललेलें उत्खनन हें त्यांच्या व जॉन हर्स्ट यांच्या चिकाटीचें फळ होय. सेंट जोसेफ मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. केंब्रिज विद्यापीठाचें वैमानिक छायाचित्रणाचें खातें त्यांनींच नांवारूपास आणिलें. एकानें दफ्तर वाचावें व दुसऱ्यानें आकाशांतून भूमि वाचावी, असा हा संयोग. त्यांच्या आधीं ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनीं वाट पाडून ठेविली होती. पहिल्या महायुद्धांत विमानांतून टेहळणी करितांना जमिनीवरील जुन्या खुणा वरून किती स्पष्ट दिसतात हें त्यांनीं पाहिलें व अलेक्झांडर कायलर यांच्यासह १९२८ मध्यें ‘वेसेक्स फ्रॉम दि एअर’ हा ग्रंथ काढिला. त्याच युद्धांत मेसोपोटेमियांत नकाशे करणाऱ्या बीझली नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यास सामर्‍याच्या जुन्या नगराची आखणी विमानांतून दिसली होती. पायानें चालणाऱ्यास जीं मातीचीं ढेंकळें, तीच आकाशांतून अक्षरें होतात, हा शोध असा युद्धाच्या पोटीं जन्मला.

ज्या खुणांविषयीं हा ग्रंथ मुख्यतः बोलतो त्या कोणत्या, हें आमच्या वाचकांस प्रथम सांगितलें पाहिजे. इंग्लंडच्या मध्य प्रांतांतील कुरणांत, सूर्य कलला असतांना, गवताखालून लाटांसारखे लांबच लांब उंचवटे व त्यांच्यामधील खोलगट पट्टे उठून दिसतात. आमच्या शेतकऱ्याच्या भाषेंत हे वरंबे व सऱ्या. मात्र आपला वरंबा हाताच्या मापाचा. तिकडील वरंबा बहुधा ५ पासून २० मीटरपर्यंत रुंद, कोठें कोठें गुडघाभर उंच, आणि शे-दोनशें मीटर लांब असतो. तो मुद्दाम खोदून केलेला नाहीं. नांगरतां नांगरतां झालेला आहे. तिकडील जड नांगरास माती एकाच बाजूस पालथी करणारी फळी असते. पट्ट्याच्या मध्यापासून आरंभ करून दोन्ही अंगांनीं फेरे घेत गेल्यास प्रत्येक तासाची माती मध्याकडे पडते; असें वर्षानुवर्षें झालें म्हणजे मध्य चढतो व कडा खचतात. पट्टा सरळ न जातां उलट्या ‘एस्’ अक्षरासारखा किंचित् वळलेला असतो. त्याचें कारण एस. आर. आयर यांनीं १९५५ मध्यें मांडलें तें असें कीं, आठ बैलांची लांबलचक जुंपणी शेवटास वळवावयाची तर बरेंच आधींपासून तिरकें व्हावें लागे. म्हणजे बैलांच्या वळणाचा ठसा जमिनीवर उमटून राहिला व तो शेंकडों वर्षांनीं छायाचित्रकाराच्या कांचेंत आला. हें वाचतांना मन प्रसन्न होतें, यांत संशय नाहीं.

ग्रंथाचा खरा गुण या कौतुकांत नसून त्याच्या शिस्तींत आहे. येथें चित्र एकटें कधीं बोलत नाहीं. शेजारीं दफ्तर उभें असतें. बकिंगहॅमशायरांतील पॅडबरी गांवचें उदाहरण घ्या. ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजानें १५९१ मध्यें या गांवाचा नकाशा करविला, त्यांत शेतांतील एकेक पट्टी काढलेली आहे. आणि साडेतीनशें वर्षांनंतरच्या छायाचित्रांत दिसणारे वरंबे त्या पट्ट्यांशीं जुळतात. नॉटिंगहॅमशायरांतील लॅक्स्टन येथें तर १६३५ चा नकाशा आहे, आणि मोकळ्या सामाईक शेतांची जुनी पद्धति आजही चालू आहे. नकाशा, जमीन व जिवंत वहिवाट असा तिपेडी पुरावा एका ठिकाणीं मिळणें म्हणजे संशोधकाचें भाग्यच. अशा आधारावरच बेरेसफर्ड यांनीं १९४८ मध्यें आपला सिद्धान्त मांडला होता कीं, हे वरंबे मध्ययुगीन सामाईक शेतांतील पट्ट्यांचे अवशेष होत.

परंतु एका गांवीं जुळलेली गोष्ट सर्वत्र लागू करण्याचा जो धोका असतो त्यापासून हा सिद्धान्त मुक्त नाहीं. एरिक केरिज यांनीं १९५१ मध्येंच त्यास हरकत घेतली. त्यांचें म्हणणें असें कीं, वरंबे पाडणें ही पाण्याच्या निचऱ्याची युक्ति आहे. ती कुंपणानें वेढलेल्या खाजगी शेतांतही करितात व सामाईक शेतांतही, पंधराव्या शतकांतही व एकोणिसाव्याही. आमच्या मतें या वादांत केरिज यांची बाजू तर्कदृष्ट्या बळकट व बेरेसफर्ड यांची प्रत्यक्ष उदाहरणांनीं बळकट आहे. निष्पन्न एवढेंच होतें कीं, आकृतीवरून कृति कळते, काळ कळत नाहीं. काळ सांगण्यास कागद लागतो, किंवा कुदळ लागते. प्रस्तुत ग्रंथांत ही मर्यादा जागोजाग पाळलेली आहे. परंतु ज्यांनीं केवळ चित्रें चाळलीं त्यांच्या मनावर ठसा उमटतो तो ‘वरंबा म्हणजे मध्ययुग’ असाच. यांत दोष वाचकांचा अधिक. तरी इतक्या मोहक चित्रांचा ग्रंथ काढणाऱ्यांनीं सावधगिरीचे शब्द थोडे मोठ्यानें उच्चारावयास हवे होते.

याहून महत्त्वाचा दुसरा आक्षेप आहे, व तो आम्हांस इकडे विशेष उपयोगी पडणारा आहे. हे वरंबे दिसतात कोठें? जेथें नांगरट थांबून कुरण झालें तेथें. जेथें नांगर चालूच राहिला तेथें ते मोडून सपाट झाले. तेव्हां वरंब्यांचा नकाशा हा जुन्या शेतीचा नकाशा नसून, जुनी शेती केव्हां व कोठें बंद पडली याचा नकाशा आहे. गेल्या शतकांत इंग्लंडांतही कुरणें पुन्हां नांगराखालीं आलीं. डेव्हिड हॉल यांनीं मध्य प्रांतांची पाहणी करून २००१ मध्यें जें पुस्तक काढिलें त्यांत किती थोड्या गांवांत ह्या खुणा शाबूत उरल्या याचा हिशेब दिला आहे, तो उद्वेगजनक आहे. अवशेषांच्या विस्तारावरून मूळ वस्तूच्या विस्ताराचें अनुमान काढणें हा दोष आमच्या शिलालेखांच्या व नाण्यांच्या अभ्यासांतही कांहीं कमी नाहीं, हें जातां जातां नमूद करितों.

आतां भिवापूर. नागपुराहून उमरेडमार्गें आग्नेयेस गेलें म्हणजे हा तालुका लागतो. मिरचीसाठीं त्याचें नांव दूरवर गेलेलें आहे व भिवापुरी मिरचीस भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. कापूस, तूर, सोयाबीन यांची काळी जमीन संपून वैनगंगेकडे उतरतांना धानाच्या बांध्या व तलाव सुरू व्हावयाचे, अशा सांध्यावरचा हा मुलूख. क्रॅडॉक साहेबांनीं १८९० च्या दशकांत नागपूर जिल्ह्याची जमाबंदी केली तेव्हां जमिनीची प्रत लावण्यास काळी, मोरंड, खरडी, बरडी हे कुणब्यांच्या तोंडचेच शब्द घेतले. हे चार शब्द आकाशांतून चित्र वाचणाऱ्यानें पाठ केले पाहिजेत, कारण प्रत्येक प्रतीची जमीन जुन्या खुणा निराळ्या रीतीनें राखते किंवा खाऊन टाकते.

इंग्लंडांतील वरंब्यांसारख्या खुणा या भागांत मिळतील काय? आमचें स्पष्ट मत, मिळणार नाहींत. आणि ‘मिळाल्या’ असें कोणी म्हटल्यास प्रथम अविश्वास धरावा. कारण मुळांत नांगराचें आहे. आमचा देशी नांगर माती फाडतो, पालथी करीत नाहीं. त्याचा फाळ दोन्ही अंगांस सारखीच माती लोटतो. त्यास एका बाजूची फळी नाहीं. मग मध्य चढावा कसा? कोणी म्हणेल, दख्खनच्या काळ्या जमिनींत सहा-आठ बैलांचा जड लांकडी नांगरही चालत असे. होय, चालत असे. परंतु बैल वाढविल्यानें नांगराची जात बदलत नाहीं. वरंबा बैलांच्या संख्येनें होत नाहीं, फळीनें होतो. शिवाय वऱ्हाड-नागपुराकडे शेताचा मुख्य धनी नांगर नव्हेच, वखर. नांगर कित्येक वर्षांतून एकदां, हरळी-कुंदा माजला म्हणजे. दरसाल जमीन तयार करावयाची ती वखराच्या पाळ्यांनीं. वखराची आडवी पास जमिनीच्या पोटांतून सरकते, तण कापते व वरची माती सारखी करिते. म्हणजे नांगरानें चुकूनमाकून कांहीं उंचवटा केलाच तर दुसऱ्या वर्षीं वखर तो पुसतो. एका बैलजोडीस वळावयास जागा थोडी लागते; उभें-आडवें दोन्हीकडून नांगरावयाचें तर शेत लांबट असण्यापेक्षां चौकोनी असणें सोयीचें. फ्रान्सच्या शेतीचा इतिहास लिहितांना मार्क ब्लोक यांनीं १९३१ मध्यें हलका नांगर व चौकोनी शेत, जड नांगर व लांब पट्टी असा जो संबंध दाखविला, त्यांतील पहिल्या अर्धाचें उदाहरण आमच्याकडे गांवोगांव आहे.

नांगराइतकीच जबाबदारी मातीची. काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते. भेगेंत मनगटापर्यंत हात जावा. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते. पावसाळ्यांत पाणी मिळालें कीं पोट फुगून खालची माती वर सरकते. ही जमीन स्वतःस आपणच नांगरीत असते असें कृषिशास्त्रज्ञ म्हणतात तें अक्षरशः खरें आहे. अशा भूमीवर वीतभर उंचीची खूण शतकानुशतकें टिकावी ही अपेक्षाच चुकीची. जुन्या नांगरटीचा ठसा भारतांत सांपडलाच नाहीं असें मात्र नव्हे. राजस्थानांत कालिबंगन येथें ब. ब. लाल व बा. कृ. थापर यांनीं १९६० नंतर केलेल्या उत्खननांत हडप्पापूर्व काळचें एक नांगरलेलें शेत निघालें. त्यांतील तासें एका दिशेस सुमारें ३० सेंटिमीटर अंतरावर व दुसऱ्या दिशेस सुमारें १.९० मीटर अंतरावर होतीं, आणि अशीच दुहेरी पेरणी त्या भागांत उत्खननाच्या वेळींही चालू होती. परंतु तें शेत वाचलें तें नंतरच्या वस्तीच्या थरांखालीं पुरलें गेल्यामुळें. तें आकाशांतून दिसलें नाहीं, कुदळीनें निघालें. हा फरक विसरतां कामा नये.

तर मग भिवापुरच्या चित्रांत ज्या समांतर रेघा दिसतात त्या कशाच्या? त्यांतील कांहीं तर अगदीं कालच्या आहेत. काळ्या जमिनींत पाण्याचा निचरा व्हावा म्हणून हैदराबादेजवळ पाटणचेरू येथें १९७२ मध्यें स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनें रुंद वरंबा व सरी यांची पद्धत बसविली. तींत साधारण एक मीटरचा वरंबा व अर्ध्या मीटरची सरी असते. सोयाबीनसाठीं आतां ट्रॅक्टरच्या यंत्रानें अशी पेरणी विदर्भांत होते. म्हणजे गंमत अशी कीं इंग्लंडांत जी गोष्ट पुराणी म्हणून शोधावयाची ती आमच्याकडे नवी म्हणून शिकविली जात आहे! या दोहोंची गल्लत टाळण्यास मापपट्टी पुरे. दीड मीटरच्या अंतरानें पुन्हां पुन्हां येणारी रेघ यंत्राची. तिला मध्ययुगांत ढकलणें म्हणजे कारखान्याच्या विटेस शिलालेख म्हणणें होय. उतारास आडव्या, नागमोडी, एकमेकींपासून बऱ्याच दूर असलेल्या रेघा ह्या मृदसंधारणाचे समपातळी बांध. तेही विसाव्या शतकाचें काम. मैलच्या मैल एकसारखी जाणारी ठळक रेघ असेल तर ती नागपूर-नागभीड अरुंद मार्गाची आगगाडी असूं शकेल. ती १९०८ मध्यें सुरू झाली व रुंद मार्ग करण्यासाठीं नोव्हेंबर २०१९ मध्यें बंद करण्यांत आली. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्यें झाली. त्याचे कालवे व पाट यांनीं तर या भागाची आखणी नव्यानें केली आहे.

एवढें वगळून जें उरतें तें मात्र खरोखर मोलाचें आहे, आणि तें वरंबा नसून धुरा आहे. दोन शेतांमधील हा हातदोन हात रुंदीचा पडीत पट्टा, त्यावर बोर, पळस, बाभूळ, कोठें सीमेचा दगड. वखर धुऱ्यास शिवत नाहीं. म्हणून शेताच्या पोटांतील सर्व खुणा पुसल्या तरी धुरा टिकतो. आणि तो टिकण्याचें आणखी एक कारण आहे, तें म्हणजे आमची भांडखोर वृत्ति. धुऱ्याच्या वादावरून पिढ्यान् पिढ्या दावे चालतात. शेजारी वीतभर सरकला तर कुऱ्हाडी निघतात. हें भांडण समाजास लांच्छनास्पद असेल, इतिहासास मात्र उपकारक आहे. कारण ज्या रेघेवर दोन घरांचा डोळा असतो ती सहसा हालत नाहीं. धुऱ्यांच्या जोडीस पांदणी घ्याव्या. गांवांतून रानांत जाणारी पांदण गाड्यांच्या चाकांनीं व गुरांच्या खुरांनीं खचत खचत दोन्ही बाजूंच्या शेतांहून खालीं जाते व पावसाळ्यांत ओढा होते. आकाशांतून ती दुहेरी झाडोऱ्याची वांकडी रेघ म्हणून दिसते. ज्या पांदणीस धुरे दोन्ही बाजूंनीं येऊन थडकतात ती धुऱ्यांहून जुनी. जी धुऱ्यांस कापून जाते ती त्यांहून नवी. असा पौर्वापर्याचा निर्णय चित्रावरून करितां येतो, व तो कोणत्याही काल्पनिक वरंब्यापेक्षां भरंवशाचा आहे. तथापि धुराही अमर नव्हे. वाटण्या, खरेदी-विक्री व जमिनींचें एकत्रीकरण यांनीं कित्येक मोडले आहेत. म्हणून आजच्या धुऱ्यास जुना म्हणण्यापूर्वीं जमाबंदीच्या नकाशाशीं तो ताडून पाहिला पाहिजे.

पूर्वेकडील धानाच्या मुलखांत याहून मोठीं कामें आहेत. भंडारा व चांदा भागांत कोहळी लोकांनीं ऊस व धान यांसाठीं तलाव बांधले. चांद्याच्या गोंड राजांनीं रान तोडून तलाव बांधणारास ‘तुकूम’ म्हणून जमीन द्यावी, अशी वहिवाट होती. तलावाची पाळ, तिच्याखालीं पायऱ्यांप्रमाणें उतरत जाणाऱ्या बांध्या, आणि बांधीबांधींतून पाणी नेणारे पाट, ही सगळी रचना वरून पाहतांना एखाद्या माशाच्या खवल्यांसारखी दिसते. या तलावांस लोक आजही मालगुजारी तलाव म्हणतात, जरी मालगुजारी १९५० च्या कायद्यानें संपून पुरीं सत्तर वर्षें होऊन गेलीं. आमच्याकडे जुना वरंबा कोठें शोधावयाचाच असेल तर तो जिरायतांत न शोधतां अशा तलावांखालच्या उसाच्या बागाइतींत, किंवा रामटेकच्या पानमळ्यांसारख्या ठिकाणीं शोधावा. कारण तेथें वरंबा नांगराचा उपपरिणाम नसून कुदळीनें मुद्दाम केलेलें काम असतें. तलाव फुटून बागाइत मोडली व वर झुडुपें माजलीं अशी जागा सांपडल्यास ती इंग्लंडच्या कुरणाच्या तोडीची होईल. गोंडांची रान जाळून राख्यांत बीं फेकण्याची दाह्याची शेती मात्र कांहींच ठसा ठेवीत नाहीं. तेव्हां चित्रांत जागा कोरी दिसली म्हणून तेथें शेती नव्हती असेंही म्हणतां येत नाहीं.

जुन्या कागदांकडे वळावें तर विदर्भ कांहीं दरिद्री नाहीं. वा. वि. मिराशी यांनीं १९६३ मध्यें संपादून काढलेल्या वाकाटक लेखांच्या ग्रंथांत द्वितीय प्रवरसेनाचा चम्मक ताम्रपट आहे. त्यांत राजमानाप्रमाणें ८००० भूमींचें मोजमाप असलेलें गांव एक हजार ब्राह्मणांस दिल्याचें सांगितलें आहे. मोजणी होती, माप होतें, वांटणी होती. परंतु हें माप क्षेत्राचें आहे, आकृतीचें नाहीं. शेत लांब कीं चौरस, बांध कोठें, पाणी कोणत्या वाटेनें, याविषयीं ताम्रपट मौन धरितो. जेथें ताम्रपट मौन धरितो तेथें आकाशांतील चित्र बोलूं शकेल, हीच त्या चित्राची आमच्याकडील खरी उपयुक्तता. मात्र दोघांमध्यें दीड हजार वर्षांचें अंतर आहे, व त्या अंतरावर पूल बांधण्यास बेरेसफर्ड यांच्या हातीं होता तसा सोळाव्या शतकाचा पट्टीवार नकाशा नाहीं. जेंकिन्स यांचा १८२७ चा नागपूर राज्यावरील अहवाल शेतीची पुष्कळ माहिती देतो. पण शेताचा आकार प्रथम कागदावर येतो तो जमाबंदीच्या मोजणींतच.

वस्तीच्या खुणांची गोष्ट वेगळी. तेथें आकाशांतील दृष्टि एकदम लाभदायक होते. भिवापुरच्या पूर्वेस वैनगंगेकाठीं पवनी आहे. तिच्या तीन बाजूंस मातीचा तट व खंदक, चौथीस नदी. शां. भा. देव व जगत्पति जोशी यांनीं १९६९-७० मध्यें तेथील स्तूप खणून काढिले. कुही तालुक्यांतील अडम येथेंही तट व खंदक आहे. तेथें १९८८ ते १९९२ या काळांत अमरेंद्रनाथ यांनीं उत्खनन केलें व ‘अस्सक जनपदा’चें नांव असलेली मुद्रा मिळाली. असे तट चित्रांत प्रथमदर्शनींच डोळ्यांत भरतात. पण त्या तटांबाहेरचीं शेतें कोणती, त्या नगरांस धान्य कोण पुरवीत होतें, हा प्रश्न कोणी चित्रास विचारीत नाहीं. नागपुरच्या आसपासचीं शिलावर्तुळें हाही तसाच विषय. रिव्हेट-कारनॅक यांनीं एकोणिसाव्या शतकांत जुनापाणी येथें प्रथम खणलें, हंटर यांनीं १९३३ मध्यें माहुरझरी येथें; जुनापाणी येथें अशीं सुमारें तीनशें वर्तुळें आहेत. तीं बहुधा बरडी, मुरमाड माळावर असतात, काळ्या रानांत क्वचित्. यावरून त्या लोकांनीं शेतीची जमीन सोडून मृतांसाठीं माळ निवडला असें अनुमान काढितात. अनुमान सुंदर आहे, व खरेंही असेल. परंतु वर इंग्लंडच्या कुरणांविषयीं सांगितलेला आक्षेप येथें तसाच लागू पडतो. काळ्या रानांतलीं वर्तुळें नांगरासमोरून उचलून धुऱ्यावर टाकलीं गेलीं नसतील कशावरून? नायकुंड व भागीमहारी येथें लोहयुगीन वस्तींत धान्याचे जळके दाणे मिळालेले आहेत. तेव्हां शेती होती हें निश्चित, आणि ती मुरमावर खासच नव्हती. धुऱ्यावर पडलेल्या मोठ्या दगडांची नोंद करणें हें म्हणून आम्हांस चित्र पाहण्याइतकेंच अगत्याचें वाटतें. तें काम मात्र पायीं जाऊनच करावें लागेल.

या सर्व विवेचनाचा व्यवहारांत उपयोग कोणता, तो सांगतों. जेथें वखर गेल्या शंभर वर्षांत फिरला नाहीं अशाच जागीं सूक्ष्म चढउतार उरलेले असणार. या तालुक्यांत अशा जागा म्हणजे गायरान, महसुली दफ्तरांतील ‘झुडपी जंगल’, आणि २०१२ मध्यें घोषित झालेलें उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. झुडपी जंगल हें वनच होय असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें मे २०२५ मध्यें दिला. त्यामुळें या जमिनींस कांहीं संरक्षण लाभेल असें दिसतें. झाडोऱ्याखालची जमीन साध्या छायाचित्रांत दिसत नाहीं. परंतु विमानांतून लेसर किरण सोडून मोजणी करण्याच्या ज्या रीतीनें २०१२ मध्यें कंबोडियांतील अंकोरचे रानांत दडलेले रस्ते व तलाव उघडकीस आले, ती रीति येथें लागू पडण्यास कांहींच हरकत नाहीं. गांवोगांव सरकारनें यंत्रमानवी विमानें उडविलीं हें खरें. पण २०२० मध्यें सुरू झालेली ती ‘स्वामित्व’ योजना गांवठाणापुरती आहे, शिवारास ती शिवत नाहीं.

शेतांच्या बाबतींत घाई करण्यास निराळें कारण आहे. ट्रॅक्टर वळण्यास अडचण होते म्हणून धुरे मोडले जात आहेत, पाटाच्या पाण्यासाठीं जमिनी सपाट केल्या जात आहेत, आणि उमरेडकडे कोळशाच्या उघड्या खाणींनीं कांहीं शिवारें मुळासकट नाहींशीं केलीं आहेत. अशा वेळीं एक साधन आयतेंच हातीं आलें आहे. अमेरिकन सरकारच्या ‘कोरोना’ नांवाच्या हेर उपग्रहांनीं १९६० ते १९७२ या काळांत घेतलेलीं चित्रें १९९५ मध्यें खुलीं झालीं. त्यांत भारताचाही बराच भाग आला आहे, व त्यांतील उत्तम चित्रांत दोन-तीन मीटरची वस्तु ओळखूं येते. हीं चित्रें गोसीखुर्दच्या आधींचीं, सोयाबीनच्या आधींचीं, ट्रॅक्टरच्याही बव्हंशीं आधींचीं. भारत सरकारनें फेब्रुवारी २०२१ मध्यें नकाशांवरील निर्बंध सैल केले आहेत. तेव्हां बेरेसफर्ड-सेंट जोसेफ यांचें अनुकरण करावयाचें तर तें असें करावें : भिवापूर व पवनी यांच्या दरम्यानचीं पांच-सहा गांवें निवडावीं, शक्यतों एक काळ्या जमिनीचें, एक बरडीचें व बाकीचीं तलावांखालचीं, प्रत्येकाचा जुना जमाबंदीचा नकाशा, हेर उपग्रहाचें चित्र व आजचें चित्र एकाच मापावर आणून एकमेकांवर ठेवावीं, आणि मग तीं हातीं घेऊन गांवच्या वृद्ध कास्तकारांबरोबर शिवार फिरावें. कोणता धुरा केव्हां मोडला, कोणती पांदण कोणी बुजविली, कोणत्या बोडीची पाळ कोणत्या पुरांत फुटली, हें सांगणारीं माणसें आज आहेत. पॅडबरीच्या नकाशास अशी जोड मिळाली नव्हती. पाटांचीं उरलेलीं कामें पुढें सरकण्यापूर्वीं तलावांखालचीं गांवें आधीं घ्यावीं. काळ्या रानाचें गांव शेवटीं घेतलें तरी चालेल, तेथें गमावण्यासारखें जें होतें तें वखरानें केव्हांच नेलें आहे.